उघडा पडलेला दगड

आमच्या अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई शांताक्का, सत्तर वर्षांत अणदूरच्या बाहेर मुक्कामाला राहिल्या त्या सगळ्या मिळून दहा-बारा रात्री. त्यातल्या सात सोलापूरच्या दवाखान्यात, सासऱ्यांच्या उशाशी. त्यामुळं मागच्या नाताळच्या सुट्टीत आमच्या ह्यांनी, उमाशंकरनी, "अंदमानला जाऊ, अव्वालाही नेऊ," असं ठरवलं तेव्हा मी मनातल्या मनात ह्यांच्या अव्वांचं, म्हणजे अत्तींचं, तिकीट वजा करून टाकलं होतं. आम्ही तुळजापुरात राहतो, ह्यांच्या बँकेच्या नोकरीमुळं. तिथूनच फोन लावला.  पलीकडून अत्ती म्हणाल्या, "खंडोबा बी थंडीत अणदूर सोडून नळदुर्गाला जाऊन ऱ्हातो. म्या काय घोडं मारलंय?"

वजा केलेलं तिकीट मी पुन्हा बेरजेत घेतलं.

त्यांनी बोचकं बांधलं. दोन स्वेटर, कानटोपी, कडक भाकऱ्यांची चळत, शेंगांची चटणी, आणि पूजेचं सामान वेगळ्या पिशवीत. आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात असतं, चांदीच्या डबीत. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती-बेल वाहायचा, पूजा झाली की पुन्हा गळ्यात. तोवर अत्तींच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही. आठव्या वर्षी मठाच्या स्वामींनी त्यांना ते बांधलं. तीन बाळंतपणं झाली, टायफॉइड झाला, सासरे हणमंतप्पा गेले, एक दिवस चुकला नाही. सासऱ्यांना शेतात मातीत ठेवलं तेव्हा त्यांचं लिंग त्यांच्या तळहातावर होतं. अत्तींनी त्याच दिवशी शेजारची जागा पायानं दाखवली आणि ह्यांना म्हणाल्या, "मला हितं. माझं माझ्या हातात देऊन. ध्यानात ठेव."

बाई फार हिशेबी. पैशाच्या बाबतीत नव्हे, पाण्याच्या. आमच्याकडं पाणी येताना कमी आणि जातानाच जास्त दिसतं. दिवाळी झाली की तळं उतरायला लागतं, एकेक दगड डोकं वर काढतो, आणि उघडा पडलेला दगड पावसाळ्यापर्यंत आपला. त्यावर धुणं धुवा, मिरच्या वाळत घाला, चार बाया बसून गप्पा मारा. कुठला दगड कुठल्या महिन्यात उघडा पडणार ते अत्तींना तोंडपाठ. एखादा दगड संक्रांतीआधीच दिसला तर त्या गप्प होऊन घरी येत आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी वाचवायला भांडी राखेनं घासत.

हैदराबादहून विमान, मग बोट, आणि आम्ही नील बेटावर एका बंगाली कुटुंबाकडं उतरलो. त्यांच्या दोन खोल्या, मागं भाजीचं शेत, पुढं दीडशे पावलांवर समुद्र. ऐन थंडीच्या दिवसांत घामाच्या धारा लागलेल्या. स्वेटर बोचक्यातून निघालेच नाहीत. पाच वाजता अंधार पडायला लागला तेव्हा अत्तींनी आभाळाकडं बघून विचारलं, "गिऱ्हाण लागलं का काय?" समुद्राचं पाणी बोटानं चाटून बघितलं आणि थुंकल्या. "एवढं पाणी, आन पिता येत न्हाय. ही कुणाची चेष्टा म्हणायची?"

पण दुसऱ्या दिवशी त्या घरमालकिणीच्या शेतात होत्या. निजामाच्या काळापासून आमच्याकडं रुळलेली हिंदी त्यांच्या कामाला आली. "तुमारे बैंगन कू पानी जास्ती होरा," त्यांनी सांगितलं. ती बाई हसत हसत त्यांच्या मागं वाफ्यावाफ्यातून फिरत होती. घरात मासळी शिजते म्हणून तिनं अत्तींसाठी अंगणात वेगळी चूल मांडून दिली. मला वाटलं, बरं झालं, आणलं ते.

तिसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी मला उठवलं. आंघोळ झालेली. "आज पूजा समुद्राकाठी करते. सूर्य पाण्यातनं येतो म्हनं." समृद्धीही उठली, आमची मुलगी, दहा वर्षांची. उमाशंकर झोपलेलेच. बाहेर आलो तर समुद्र मागं सरकलेला. काल जिथं पाणी होतं तिथं काळे सपाट खडक उघडे, लांबवर. अत्ती खुश झाल्या. पाण्यापासून वीस-पंचवीस पावलं अंतर राखून त्यांनी एक दगड निवडला, हातानं पुसला, तांब्याची ताटली मांडली, डबीतून लिंग काढून तळहातावर घेतलं. समृद्धी शंख शोधत पुढं गेली.

पूजा अर्ध्यात होती तेवढ्यात पोर किंचाळली. पोवळ्याच्या खडकानं तळपाय चिरला होता, रक्त थांबेना. अत्तींनी लिंग ताटलीत ठेवलं, त्यावर वाटी पालथी घातली आणि मी पोचायच्या आत त्या तिच्यापाशी होत्या. पदर फाडून पाय बांधला. दोघींनी मिळून तिला खोलीवर आणलं. घरमालकिणीनं गाडी काढली, उमाशंकर समृद्धीला दवाखान्यात घेऊन गेले, तीन टाके पडले.

ते निघाल्यावर मी अत्तींना म्हटलं, "मी जाऊन लिंग घेऊन येऊ?"

"तू कशाला? पूजा माझी. आपल्यात इटाळ मानत न्हाईत, पर हे रक्ताचं हात लिंगाला कसं लावू? आंघोळ करते, मग जाते."

"तोवर कुणी उचललं तर?"

"हितं कोण उचलतंय? दगडावर हाय, पाण्यापासून लांब हाय. जातंय कुठं?"

बी.ए.ला माझा भूगोल होता. भरती-ओहोटीची आकृती काढून, चंद्र-सूर्य एका रेषेत दाखवून मी पेपरात पाच मार्क मिळवले आहेत. मी तिथं उभी राहून मान हलवली. पटलंच मला ते. दगडावर आहे, जातंय कुठं.

पोर परत आली, तिला झोपवलं, आणि आम्ही दोघी साडेनऊला किनाऱ्यावर गेलो. दगड नव्हता. एकही नव्हता. निळं पाणी झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं, शांत, कॅलेंडरवरच्या चित्रात असतं तसं.

"वाट चुकलो आपण," अत्ती म्हणाल्या.

 पण पहाटे पाहिलेलं वाकडं झुकलेलं झाड तेच होतं, त्याखाली आमच्या चपला काढून ठेवलेल्या, त्यातली एक पाण्यावर तरंगत होती. अत्तींनी ती चप्पल बघितली. मग लुगडं न सावरता त्या सरळ पाण्यात चालायला लागल्या. गुडघ्याएवढ्या पाण्यात मी त्यांना धरलं. त्या ओढत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. नुसत्या पाण्याकडं बघत होत्या, ओळखीच्या माणसानं भर बाजारात थोबाडीत मारल्यासारख्या.

घरमालकीण धावत आली. तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "चार बजे पानी उतरेगा, माँजी. रोज चढ़ता, रोज उतरता."

"रोज?" अत्तींनी विचारलं.

"दिन में दो बार."

अत्ती माझ्याकडं वळल्या. "व्हय गं? रोज?"

"हो, अत्ती."

"तुला ठावं हुतं?"

मी तरंगणारी चप्पल उचलून झाडापाशी ठेवली.

अत्ती त्या झाडाखाली बसल्या. पाणी नाही, चहा नाही. रक्तदाबाची गोळी पदराच्या गाठीत तशीच. उमाशंकर पुढ्यात उकिडवे बसले. "अव्वा, हट्ट करू नको. घोटभर घे. देव काही रागवत नाही."

"हट्ट न्हाय, बाबा. आजवर कवा घेतलं न्हाय, ते आज कसं घेऊ?"

"मग सावलीत तरी चल आत."

"पाणी उतरताना म्या हितं नको का?"

ऊन चढलं, हवा चिकट झाली. माझं लक्ष त्यांच्या ओठांवर. बारापर्यंत ते पांढरे पडले. दीड वाजता त्यांनी डोळे मिटले तेव्हा मी त्यांच्या नाकापुढं हात धरला. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "हाय अजून."

तीन वाजल्यावर एक खडक दिसला, मग दुसरा. चार वाजता सगळा पसारा उघडा झाला, जणू सकाळी काही घडलंच नव्हतं. अत्तींनी त्यांचा दगड ओळखला. आम्ही तिघं आणि घरमालकीण, चौघंजण हातांनी फटी चाचपत फिरलो. ताटली सापडली, दोन खडकांच्या मध्ये अडकलेली. तिच्यात वाळू होती. लिंग नव्हतं, वाटी नव्हती. अंधारू लागलं तेव्हा उमाशंकर म्हणाले, "चल अव्वा." त्या निमूट उठल्या. हे निमूट उठणंच मला सहन होईना.

खोलीत आल्यावर त्या भिंतीला टेकून बसल्या आणि मला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता.

"दुसऱ्याच्या लिंगाची पूजा मला चालत न्हाय. पर डोळ्यानं बघितलं तर घोटभर पाणी तरी घेईन. तुझं काढ."

माझा हात गळ्याकडं गेला. तिथं मंगळसूत्र होतं.

"घरी आहे, अत्ती. कपाटात."

"कवापासून?"

"समृद्धीच्या वेळी दवाखान्यात काढायला लावलं. मग राहूनच गेलं."

"समृद्धी धा वर्सांची झाली."

दर पंधरा दिवसांनी मी अणदूरला जात होते. त्यांनी कधी विचारलं नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. उमाशंकर दारात उभे. अत्तींनी त्यांच्याकडं बघितलं. "आन तुझं?"

"बँकेच्या लॉकरला, अव्वा. सुरक्षित आहे."

 अत्ती एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होत्या. सकाळी समुद्राकडं बघत होत्या ती नजर मी दिवसभर विसरू शकले नव्हते. ही तिच्याहून वाईट होती.

"म्हंजे आज सकाळपातूर ह्या घरात म्या एकलीच हुते," त्या म्हणाल्या. मग हात पुढं केला. "आण पाणी."

मी तांब्या आणला.  त्या सगळा तांब्या प्याल्या.

"गोळी बी दे. भाकरी दे. हितं मेले तर मातीत ठिवायची रीत बी तुमाला यायची न्हाय."

उरलेले दोन दिवस आणि सगळा परतीचा प्रवास, त्या विषयावर एक शब्द नाही. समृद्धीच्या पायाला हळद लावली, विमानात शेजारणीला चटणी दिली. अणदूरला उतरल्यावर घरात पाऊल न टाकता त्या शेतात गेल्या, हणमंतप्पांच्या समाधीपाशी बसल्या. आम्ही बांधावर थांबलो. परतल्या तेव्हा उमाशंकरनी चाचरत विचारलं, "काय सांगितलंस अप्पांना?"

"जे झालं ते."

"मग?"

"मग काय? अजून बोलले न्हाईत." दोन पावलं पुढं जाऊन त्या थांबल्या. "सोमवारी मठात जायचं. स्वामी मला नवं बांधतील. तुमची दोघांची काढून आणा."

उमाशंकरनी लॉकरमधून त्यांचं आणलं. मी कपाट उघडलं. लाल मखमली पिशवीत, साड्यांच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, अगदी डोळ्यांसमोर होतं माझ्या. कोपऱ्यात पिशवी नव्हती. सगळ्या साड्या काढल्या, पेट्या उपसल्या, माळा बघितला, शिवणाचे डबे पालथे केले. दहा वर्षांत आम्ही दोन घरं बदलली. कधी गेलं, कुठल्या घरात राहिलं, काहीच सांगता येईना. मी पलंगावर बसले आणि मला एकदम जाणवलं की आज शोधलं नसतं तर ते गेल्याचं मला कधी कळलंच नसतं.

सोमवारी मठात चटईवर अत्ती बसल्या होत्या. स्वामींना विचारत होत्या, "हे नवं माझ्याबरोबर मातीत चालंल न्हवं?" स्वामी म्हणाले, "चालेल की, अक्का." अत्तींनी मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नाही. मी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, "अत्ती, माझं सापडत नाही."

त्या माझ्याकडं वळल्या.

"माझं कुठं ऱ्हायलं ते मला ठावं तरी हाय," त्या म्हणाल्या, आणि चटईवर थोडं सरकून मला जागा दिली.