घोडा असेल तर ऐतिहासिक

कामशेतला माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेली मोटर येते, चालू होऊन जाते, पण तिचे दोन-चार नट मागं राहतात. किश्श्यांचंही तसंच. वीस वर्षं मी संध्याकाळी आमच्या वाचनालयात बसतोय आणि रोज एखादा नट खिशात घालून घरी येतोय. बायको म्हणते, "यातले निम्मे तुम्ही घरीच बनवता." निम्मे नाही. फार तर तिसरा हिस्सा.

वाचनालय दोन खोल्यांचं, पण अख्ख्या मावळात असं दुसरं नाही. असलं तर मला दाखवा. समिती चौघांची. अध्यक्ष बबनआबा, मूळचे वडिवळ्याचे, अजून स्वतः चिखलात उतरून भात लावणारे. ग्रंथपाल शोभाताई. निवृत्त शिक्षक गायकवाड सर. आणि मी, चहा सांगायला.

*

आबांनी वाचनालयाला दोन कपाटं दिली. एक काचेचं, कुलपाचं. दुसरं साधं, उघडं. आबा म्हणाले, काचेच्या कपाटात ऐतिहासिक कादंबऱ्या ठेवायच्या. त्या इथंच बसून वाचायच्या, घरी न्यायच्या नाहीत. "आपला इतिहास कुनाच्या पलंगाखाली पडाय नको." उघड्या कपाटात वास्तववादी कादंबऱ्या. त्या खुशाल घरी न्या.

शोभाताईंनी विचारलं, "आबा, कुठली ऐतिहासिक आणि कुठली वास्तववादी, हे ओळखायचं कसं?"

"सोपं हाय. घोडा असंल तर ऐतिहासिक."

ताईंनी सहाशे पुस्तकं घोड्यावर वाटली. महिन्याभरानं सरांना काचेच्या कपाटात एका टांगेवाल्याची कादंबरी सापडली. त्यात विजेचे दिवे होते, एसटी होती, शेवटी टांगेवाला रिक्षाचं परमिट काढत होता. सर म्हणाले, "आबा, ही इथं कशी?"

आबांनी शांतपणे विचारलं, "टांग्याला काय म्हैस जुपली व्हती?"

*

तुंगार्लीच्या एका बंगल्यात एक निवृत्त साहेब राहतात. त्यांना "फक्त खरं" वाचायचं असतं, म्हणून ते काचेच्या कपाटापासून हलत नाहीत. एकदा एका किल्ल्यावरची कादंबरी त्यांनी चार बैठकांत संपवली, वहीत टिपणं काढली आणि थेट तो किल्ला चढले. दुसऱ्या दिवशी लंगडत वाचनालयात आले.

"फसवणूक आहे ही. नायिका ज्या विहिरीवर भेटते ती विहीरच नाही तिथं. मी तीन तास शोधली."

शोभाताई म्हणाल्या, "साहेब, ती विहीर लेखकानं खणली. पाण्यासाठी नाही, त्या दोघांना भेटायला जागा हवी म्हणून."

मग सरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. वेढा पडला होता, तो खरा. किल्ला खरा. विहीर आणि नायिका लेखकाची. म्हणून तर कादंबरी म्हणायचं, नाहीतर बखर म्हटलं असतं.

साहेबांनी वहीत लिहून घेतलं: किल्ला खरा, मुलगी लेखकाची.

*

साहेबांचा पडलेला चेहरा मला बघवेना. म्हणून मी सांगितलं, की माझ्या खापरपणजोबांनी एकट्यानं सत्तर पोती आंबेमोहोर भर पावसात लोहगडावर पोचवला होता. उतरताना ते दमून ज्या दगडावर बसले, तो दगड त्यांनी आठवण म्हणून डोक्यावर घरी आणला. अजून माझ्या परसात आहे.

रविवारी साहेब चार पाहुणे घेऊन दारात. आता दगड दाखवणं आलं. परसात एकच दगड होता, कपडे धुण्याचा. पाहुण्यांनी त्याला हात लावून नमस्कार केला. एका बाईंनी हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं.

ते गेल्यावर बायको बादली घेऊन उभी. "आता कपडे कुठं धुऊ? इतिहासात?"

गायकवाड सरांपर्यंत ही बातमी पोचलीच. "लोहगड खरा. आंबेमोहोर खरा. आणि खापरपणजोबा?"

मी म्हणालो, "लेखकाचे."

*

यानंतर मात्र सरांनी फळ्यावर नियम लिहिला. लेखक ज्या काळात नव्हताच, तो काळ त्यानं वाचून, विचारून उभा केला असेल, तर कादंबरी ऐतिहासिक. स्वतः जगला त्या काळाची, आपल्या आजूबाजूला घडेल अशी गोष्ट असेल, तर वास्तववादी. माणसं दोन्हीकडं बनवलेली असू शकतात. आणि घोडा कुठंही असू शकतो.

आबांनी फळा वाचला. "घोड्याचं सोपं व्हतं," म्हणाले.

*

नियमाची खरी परीक्षा घेतली सरूमावशीनं. मावशी वडिवळ्याची, आबांच्याच वयाची, दोघं एकाच आळीत वाढलेले. पन्नाशीनंतर ती शोभाताईंकडं लिहायला-वाचायला शिकली, आणि गेल्या वर्षी तिनं चक्क कादंबरी लिहिली. गंगू नावाच्या पोरीची, एका आवणीच्या हंगामाची, म्हणजे भातलावणीच्या दिवसांची. हातानं लिहिलेली, शिवून पुठ्ठा घातलेली, एकच प्रत. वाचनालयात लेखक येऊन गेले असतील, पण वाचनालयात शिकून लेखक झालेली ही पहिलीच. आम्ही चौघं त्या दिवशी उगाचच ताठ चालत होतो.

आबांनी पुस्तक डोक्याला लावलं आणि काचेच्या कपाटात मधोमध ठेवलं. वर हार घातला.

मावशी म्हणाली, "आबा, काडा ते भाईर."

"अगं, मान हाय तो. ती जुनी आवणी ऱ्हायली न्हाई, ते बैल ऱ्हायले न्हाईत. इतिहासच झाला की."

"म्या तितं व्हते. म्या अजून जित्ती हाय. इतिहास कसा झाला?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् कुलपात ठिवल्यावर माज्या जावा कवा वाचायच्या? त्या काय हितं यून बसनार हायती? त्यांला घरला न्यायाचंय. त्यांच्यासाटनं तर लिवलंय."

सरांनी फळ्याकडं बोट केलं. "मावशी त्या काळात जगल्या. पुस्तक वास्तववादी."

"एकच परत हाय," आबा म्हणाले. "हरवली तर? आदी आमी बगतो तरी काय हाय त्यात." त्यांनी हार बाजूला केला, चष्मा लावला आणि मधलंच एक पान मोठ्यानं वाचायला घेतलं.

त्या पानावर रामा नावाचा आळीतला टग्या बढाई मारत औतावर उभा राहतो, बैल उधळतात आणि तो तोंडावर चिखलात जातो. गंगू त्याला शेंडी धरून ओढून काढते. रामा रडत म्हणतो, "माज्या आईला सांगू नगंस."

आम्ही हसलो. आबांचा आवाज मात्र शेवटच्या ओळीला इतका बारीक झाला की शोभाताईंनी विचारलं, "काय म्हणाला रामा?"

आबांनी पुस्तक मिटलं. "हा रामा कोन गं?"

"रामा म्हंजी रामा," मावशी म्हणाली. "कादंबरी हाय न्हवं."

आबा किल्ली बोटावर फिरवत राहिले. "तरीबी कुलपात बरं. अध्यक्ष म्हनून सांगतो."

मावशीनं पदर खोचला. "बरं. मग येवडंच सांगा आबा. ह्यात घोडा कुटं हाय?"

आबांनी किल्ली खिशात टाकली आणि पुस्तक स्वतःच्या हातानं उघड्या कपाटात ठेवलं.

*

पहिला नंबर मावशीच्या जावेचा लागायचा होता. पण संध्याकाळी शोभाताईंनी रजिस्टर उघडलं, तर पहिली सही आबांची. पुस्तक घरी गेलं होतं.

आठ दिवसांनी परत आलं. शोभाताईंची शिस्त अशी, की आलेलं पुस्तक पानन् पान तपासायचं आणि कुणी पेन्सिल चालवली असेल तर खोडून टाकायचं. त्या दिवशी त्यांनी खोडरबर हातात घेतला, एका पानाशी थांबल्या आणि रबर परत खणात टाकला. पुस्तक माझ्यापुढं सरकवलं.

रामा चिखलात पडतो ते पान. 'आईला' या शब्दाखाली रेघ ओढलेली, आणि कडेला आबांच्या अक्षरात:

"आई न्हवं. आजीला."