शेवंतीच्या हाताला लागलेला कंगोरा

शेवंती ठाण्याच्या कोपरीची. आमच्या भागातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना न्हाऊ-माखू घालायची. टाळूवर तेल घालताना तिचे ओठ हलत. देवाचं नाव घेत असे.

बावन्न साली माझ्या प्रभाकरदादाला मुलगा झाला. पंधराव्या दिवशी बाळाला चोळता चोळता शेवंतीचा हात थांबला. ती माझ्या आईला म्हणाली, "काकू, टाळू लागतच नाय. माथ्यावर कंगोरा लागतोय. डागदरला दाखवा."

"तू तेल घाल गं. हाडवैद्य कधी झालीस?"

शेवंतीने पुढे आणखी दोनदा सांगून पाहिलं. मग आईने तिला चहा देणं बंद केलं.

आठव्या महिन्यात बाळाची नजर ठरेना, डोकंही लांबट दिसू लागलं. दादा त्याला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी सोबत होते. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. म्हणाले, कवटीची हाडं शिवणींनी जोडलेली असतात. कुणाची कपाळातली शिवण म्हातारपणीही उघडी राहते, कुणाला मागे एखादं हाड जास्तीचं असतं. त्याने काही बिघडत नाही. ह्याच्या शिवणी मात्र पोटातच मिटल्यात, मेंदूला वाढायला जागा नाही. पहिल्या दोन महिन्यांत आणला असता तर हाड कापून वाट करून दिली असती. आता जीवाला धोका, आणि गेलेली नजर येणार नाही. दादाने मालिशीचं विचारलं. हाताने शिवण मिटत नाही, ते म्हणाले.

घरी आल्यावर आईने बजावलं, जन्मजात म्हणून कुठे बोलायचं नाही, लोक घराण्यात खोट काढतील. माझं लग्न जमायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवंती मागच्या दाराशी आली. डागदर काय बोलला, एवढंच तिने विचारलं.

"तुझ्याच दाबण्याने झालं म्हणाले," आई म्हणाली.

मी तिथेच तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

महिन्याभरात शेवंतीची सगळी घरं सुटली. मार्गशीर्षात माझं लग्न झालं, मला कल्याणला दिलं. बाळ तिसऱ्या वर्षी गेलं.

पुढे एका श्रावणात मी ठाण्याला कोपिनेश्वराला बेल वाहायला गेले, तिथे शेवंती भेटली. शेजारी तिची लेक, लेकीच्या कडेवर तान्हं. त्याच्या डोक्याला तेलाचं बोट नव्हतं. मी म्हटलं, घरात तू असताना नातवाची टाळू कोरडी कशी?

"मी नाय हात लावत, ताई. येवढा मोठा डागदर खोटं बोलंल का?"

माझे यजमान चपला घालून पायरीवर थांबले होते. मी तिच्या लेकीच्या हातावर प्रसाद ठेवला आणि निघाले.