डब्यातलं काळं पितळ

इंझोरीच्या जगदेवपाशी पितळेचा विषय काढू नये. काढलाच, तर घरी सांगून यावं की आज जेवायला उशीर होईल. गावातले मोठे शेतकरी उदयसिंग यांच्याकडे पीक राखायची परवान्याची बंदूक आहे, आणि तिची झाडलेली पितळी काडतुसं पुन्हा भरण्याजोगी करून देणं हे जगदेवचं काम. बापापासून आलेलं. चिंचेच्या कोळात भिजवायची, राखेनं घासायची, आतली काजळी चिंधीनं काढायची, उन्हात कोरडी ठक्क करायची. भरणार उदयसिंग स्वतः. परवानाही त्यांचाच, पण नेम हरीओमचा, जगदेवच्या एकुलत्या एका पोराचा. हे गावाला ठाऊक आहे. पण डुकरांनी सोयाबीन नांगरून टाकलेलं कुणाला हवंय? म्हणून गाव गप्प.

घासण्याआधी जगदेव प्रत्येक काडतूस नखानं वाजवून बघायचा, मडकं घेताना बाया वाजवतात तसं. खणखणलं तर चिंचेत. भद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे, आणि तडकलेल्यातून बार पुढं जायचा तो मागंही येतो. गल्लीतल्या उकंडरावचा उजवा डोळा असाच गेला. म्हणून भद्द वाजलेलं काडतूस जगदेव घासायचाच नाही. काळंच्या काळं डालड्याच्या डब्यात टाकायचा. काळं ते वाईट, चमकलं ते चांगलं. खूण सोपी होती, पण होती त्याच्या एकट्याच्या डोक्यात. आपली विद्या सांगायची कशाला, हा त्याचा तोरा. बरं, ती काळी ठेचून फेकावीत, तर जीव चिकट. भांडेवालीला मोडीत दिली की एखादी वाटी येईल, हा हिशेब.

महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. सकाळी गल्लीत भांडेवालीची हाक ऐकू आली, तसं जगदेवनं फळीवरचा डबा काढला. हाताला हलका लागला. उघडला तर रिकामा.

ओसरीवर घरातलं सगळं पितळ घासून पालथं घातलेलं होतं. समया, घंगाळ, तांबे. त्याची बायको मनकर्णाबाई हात पुसत आल्या.

"डब्यातले काडतुसं कुठी गेले वं?"

"मी घासले ना ते बी. महालक्ष्म्या येऊन राह्यल्या, घरात काळं पितळ कायले ठेवता? असे चमकले म्हून सांगू! परवाच हरीओमच्या थैलीत टाकून देल्ले."

"तुले कोनं सांगतलं होतं?"

"सांगाले कायले पाह्यजे? पितळ काळं झालं का घासाच लागते."

बाईचं काय चुकलं? काहीच नाही. जगदेवनं बोटांवर दिवस मोजले. परवा थैली उदयसिंगांकडे गेली, काल उदयसिंगांनी काडतुसं भरली, आणि आज दिवस उगवायलाच पोरगा खांद्याला बंदूक अडकवून उदयसिंगांसोबत शिवारात गेला होता. त्या चकाकत्या काडतुसांत कोणतं कसलं, हे आता देवालाच ठाऊक.

त्यानं घाईघाईनं पोराला फोन लावला. फोन आतल्या खोलीत वाजला. चार्जिंगला लावून हरीओम तसाच गेला होता.

"तडकेल होते ते," जगदेव म्हणाला. मनकर्णाबाईंचं लक्ष गल्लीतून जाणाऱ्या उकंडरावच्या मिटलेल्या डोळ्याकडे गेलं, आणि त्या ओरडल्या, "जा ना लवकर!"

जगदेव अनवाणीच पळत सुटला. शेताकडं जाणाऱ्या पांदणीतल्या चिखलात दोनदा घसरला, उठला. नाल्यापाशी पोचतो तोच बार झाला.

बार झाला की हरीओम लगेच लांबलचक हाळी द्यायचा. तुरीत निंदणाऱ्या बायांना कळावं, की झालं, आता भ्यायचं कारण नाही. ती हाळी ऐकल्याशिवाय कुणी विळा उचलत नसे. जगदेव थांबला. बांधापलीकडच्या बायाही थांबल्या. तो मनातल्या मनात म्हणत होता, बोल रे बाप्पा, बोल.

हाळी आली. पण ती हरीओमची नव्हती. उदयसिंग ओरडत होते, आणि ते जगदेवचं नाव घेऊन ओरडत होते.