कौसाबाईंचं नाव कुठे गेलं

कॉम्प्युटरने आपला अपमान केला, असं कौसाबाईंचं ठाम मत होतं, आणि तो सुनेने करवला, असा त्यांना दाट संशय होता.

त्याचं झालं असं. अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात सून वैष्णवी जावा शिकत होती. जावा म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. वय चौतीस, आठवडाभर उल्हासनगरात एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात बिलिंग, आणि रविवारी घरून करायच्या डिग्रीचा वर्ग. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेज अर्धवट सुटलं होतं आणि ते तिला आजवर सलत होतं. तिने पुन्हा नाव घातलं तेव्हा कौसाबाई म्हणाल्या होत्या, "दोन महिने करशील नि सोडशील. लिहून ठेव." सासूचं बोलणं खोटं पाडायला सून काय वाटेल ते करते, पण जावाने वैष्णवीच्याही नाकी नऊ आणले.

गृहपाठ दिसायला एवढासा. आधी किती नावं हवीत ते विचारायचं, मग एकेक नाव विचारून ॲरेमध्ये ठेवायचं आणि शेवटी सगळी यादी दाखवायची. ॲरे म्हणजे फळीवर ओळीने मांडलेले डबे, फक्त त्यांची मोजणी शून्यापासून. पहिल्या डब्याचा नंबर शून्य, हे पचवण्यात तिचा एक आठवडा गेला होता. ते कसंबसं पचलं, तर हे दुसरंच दुखणं निघालं.

तिने घरातल्यांचीच नावं घ्यायची ठरवली. मानाप्रमाणे पहिलं सासूबाईंचं. तीन हा आकडा टाकून एंटर दाबलं की स्क्रीनवर 'पहिलं नाव' असं यायचं आणि तिचं बोट उठायच्या आत त्याच्याखाली 'दुसरं नाव' हजर! पहिल्यासाठी थांबायला ते मशीन तयारच नाही. मग यादीत तिचा नवरा मुकेश, वैष्णवी आणि त्या दोघांच्या डोक्यावर एक रिकामी ओळ.

कौसाबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण रिकामी जागा कुणालाही वाचता येते. चहाचा कप घेऊन त्या शेजारी येऊन बसल्या.

"ह्यात माझं कुठंय?"

"येत नाहीये, आई. मी घालायला बघतेय, पण ते घेतच नाही."

"मुकेशचं घेतंय, तुझं घेतंय. माझंच बरं घेत नाही!"

वैष्णवीने सगळे उपाय करून पाहिले. एकेक स्वल्पविराम तपासला, लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, जरा थंडही होऊ दिला. लॅपटॉप थंड झाला, तिचं डोकं मात्र तापलेलंच राहिलं.

आणि वेळ तर उरलाच नव्हता. रविवारी हा गृहपाठ मॅडमसमोर चालवून दाखवायचा होता. नाही चालला तर सही नाही, आणि सही नसेल तर परीक्षेला बसायचं नाही. तसं झालं तर पुन्हा म्हणून पुस्तकाला हात लावायचा नाही, हे वैष्णवीने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. एकदा अर्धवट सोडलं ते लग्नामुळे, असं जगाला सांगता येत होतं. आता काय सांगणार? तिला खरंच भीती वाटत होती.

शनिवारी तिने दुकानात रजा टाकली. तिची ती अवस्था बघून मुकेशला पाझर फुटला. त्याची दुसरी पाळी होती, सकाळी तो घरीच होता. "आज पाणी मी भरतो," तो म्हणाला. "तू बस तुझं करत."

आता मुकेश कंपनीत कितीही मोठाली मशिनं चालवत असेल, पण घरचं पाणी त्याने जन्मात भरलं नव्हतं. त्यांच्या नळाला सकाळी पहिल्यांदा येतं ते आदल्या दिवशीचं, पाइपात राहून तांबूस झालेलं पाणी. ते फरशीच्या बादलीत सोडायचं आणि स्वच्छ धार लागली की मग प्यायचा हंडा लावायचा. घरातल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. मुकेशने नळ सोडला आणि घासूनपुसून लख्ख केलेला हंडा थेट त्याखाली लावला.

"अहो, काय करताय!" वैष्णवी धावत मोरीत आली. "आधी पाइपातलं कालचं जाऊ द्या ना! नवीन पाणी त्याच्या मागून येतं!"

"मला काय माहीत? नळ सोडला, जे आलं ते भरलं."

वैष्णवी तिथेच थबकली. जे आलं ते भरलं. मशीनही नेमकं हेच तर करत होतं! तीन आकडा टाकून ती एंटर दाबायची. मशीन त्यातला आकडा तेवढा उचलायचं आणि एंटर तसाच मागे पाइपात राहायचा. मग पहिलं नाव घ्यायची वेळ आली की नवीन काही येण्याआधी तो शिळा एंटरच त्याच्या हंड्यात पडायचा. मशीनला वाटायचं, मिळालं नाव. चला पुढे.

हंडा नवऱ्याच्या हातात सोडून ती लॅपटॉपकडे पळाली. आकडा घेतल्यानंतर तिने एकच जास्तीची ओळ टाकली: जे राहिलंय ते वाच आणि कुठेही न ठेवता सोडून दे. मग प्रोग्रॅम चालवला. तीन टाकले, एंटर दाबला. 'पहिलं नाव' आलं, आणि मशीन गपचूप थांबलं. तिची वाट बघत.

"आई, या ना इकडे! लवकर या!"

त्या येईपर्यंत ती थांबली. मग त्यांच्यासमोर एकेक अक्षर दाबत तिने नाव घातलं, पुढची दोन घातली, आणि यादी आली. सगळ्यांत वर कौसाबाई. वैष्णवीचा जीव भांड्यात पडला. तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळेही भरून आले. मुकेश मोरीतूनच ओरडून विचारत होता, आता लावू का हंडा?

कौसाबाईंनी पदराने बोट पुसलं आणि स्क्रीनवरच्या त्या ओळीवर टेकवलं.

"ही मी?"

"तुम्हीच. सगळ्यांच्या वर."

"उद्या वर्गाला वेळेवर नीघ," त्या म्हणाल्या. "पाणी मी बघते. आणि आता मधेच सोडायचं नाही हां. माझं नाव आहे त्यात."