पाठीवर पाणी घेऊन येणारे व्याही

सायकलवरून इतक्या अदबीनं पडणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. कऱ्हाडला एस.टी. स्टँडामागं चाळीस वर्षं माझं सायकलचं दुकान होतं, तेव्हा पडलेली माणसं मी काही कमी पाहिलेली नाहीत. कोणी रस्त्याला शिव्या देतो, कोणी सायकलीला लाथ घालतो, आणि बहुतेक जण उठायच्या आधी कोणी बघितलं तर नाही ना, ते बघतात. आमचे व्याही, म्हणजे माझ्या सुनेचे वडील, ज्या झाडावर आपटायचे त्याला आधी "माफ करा हं" म्हणायचे, मग चष्मा शोधायचे आणि मग रक्त कुठून येतंय त्याची चौकशी करायचे. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. जंगलात एकदा रानडुकरीण पिल्लांची रांग घेऊन आडवी आली, तर हे सायकलवरून उतरून हात जोडून उभे. "आपण आधी," म्हणाले. ती गेलीही आधी. जाताना तिनं मागं वळून पाहिलं, असं ते सांगत. मी काही पाहिलं नाही, मी झाडामागं होतो.

ही दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. आमची ही गेल्यावर मुलानं मला सिंगापूरला नेलं, सेंगकांग नावाच्या वस्तीत, बाराव्या मजल्यावर. व्याही विधुर, ते तिथंच आपल्या मुलाकडं, पासिर रिस भागात. तो मुलगा त्यांना एकदा युरोपात आल्प्सच्या कुठल्याशा दरीत आठ दिवस घेऊन गेला, आणि येताना हे डोक्यात ती दरीच घेऊन आले. तिथं म्हणे रस्ता असा नाहीच. दगड, ओढे, देवदाराची मुळं, एका अंगाला कडा, आणि त्यातून लोक सायकली घेऊन उतरतात. साठी उलटलेली, आयुष्यभर जीपमध्ये बसलेला माणूस, आणि तोही उतरला. पहिल्या दिवशी ते सायकल खांद्यावर घेऊन उतरले, दुसऱ्या दिवशी सायकल त्यांना घेऊन उतरली आणि तिसऱ्या दिवशी दोघं मिळून उतरले. तेव्हापासून काही दाखवा, त्या दरीशी तुलना. आमच्या लिफ्टच्या खिडकीतून पाऊस बघून म्हणायचे, "तिकडं असाच यायचा, पण त्याला वास होता."

सिंगापूर पडलं पाटासारखं सपाट. पण पुलाउ उबीन नावाचं एक बेट आहे. छोट्या बोटीनं जायचं, बारा माणसं जमली की बोट सुटते. तिथं दगडाच्या जुन्या खाणींच्या कडेनं जंगलात डोंगरी सायकलींसाठी वाटा ठेवल्यात. दर शनिवारी पहाटे हे तिथं हजर. अंगात तंग चड्डी, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटच्या आत लोकरीची कानटोपी. त्या उकाड्यात! मी म्हटलं, "अहो, मेंदू शिजेल." तर म्हणाले, "आबासाहेब, उतारावर कानात वारं जातं."

मला ते मिस्त्री म्हणून न्यायचे. बेटावरच्या गावात भाड्यानं टोपलीवाली सायकल मिळते, तीवरून मी पंप नि पाने घेऊन त्यांच्या मागं. माझ्या हातच्या सायकली तालुकाभर पळत, तेव्हा मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांच्या सायकलीला पुढं स्प्रिंगा आणि चाकाला ताटलीसारखी चकती, ब्रेक त्या चकतीला धरतो. एका शनिवारी ती चकती मला कोरडी वाटली. चाळीस वर्षं जे कोरडं दिसलं त्याला मी तेल दिलंय. दिलं. व्याही उतारावरून जे निघाले ते खाणीच्या कुंपणापर्यंत थांबलेच नाहीत. झुडपातून आवाज येत गेला, "माफ करा... माफ करा... माफ करा..." अर्ध्या तासानं वर आले, कोपर फुटलेलं, टोपीत पानं. म्हणाले, "आज ब्रेक जरा शांत होते." बस. मुलाला सांगितलं नाही, सुनेला नाही, मला पुन्हा कधी टोचून बोलले नाहीत. त्या दिवसापासून त्या माणसावर माझा जीव जडला.

पण एका गोष्टीत हा इतका शहाणा माणूस दगडासारखा होता. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांच्या वडिलांनी पाळलं, आजोबांनी पाळलं, म्हणून हेही पाळणार. सगळी हयात लोकांच्या शेताला पाणी सोडण्यात गेली आणि पोटच्या पोरीच्या घरी घोटभर घेणार नाहीत. उबीनहून ते सायकलनं थेट आमच्याकडं यायचे, सोफ्याच्या कडेवर टेकायचे आणि पाठीवरच्या पिशवीतून निघालेली नळी तोंडात धरून आपलंच पाणी ओढत बसायचे. सलाइन लावल्यासारखं दिसायचं. डबाही पासिर रिसहून आणलेला. तो इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, बुद्धिबळाच्या दगडी टेबलाशी बसून खायचे आणि वृंदा, माझी सून, समोर बसून बघायची. शेजारची चिनी म्हातारी एकदा मला म्हणाली, "अंकल, युअर हाऊस गॉट प्रॉब्लेम, इज इट?"

खरं सांगतो, आधी आधी मला ते बरं वाटायचं. एवढा मोठा साहेब, पण मी मुलाचा बाप, म्हणून माझा मान ठेवतोय, असं वाटायचं. वृंदाचं माझ्या ध्यानातच आलं नाही. ती दर शनिवारी पेला भरून त्यांच्यापुढं ठेवायची. ते गेले की तो तसाच भरलेला पेला उचलायची आणि बाल्कनीतल्या तुळशीला घालायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती.

मग एका संध्याकाळी ती आणि मुलगा दवाखान्यातून आले. मुलगा आत जाऊन पडला. ती लसूण सोलायला बसली आणि मान वर न करता म्हणाली, "आबा, डॉक्टर म्हणाले, आता थांबा. मूल होणार नाही." मी दोन पाकळ्या सोलल्या. ती म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांना कळलं तर ते आपल्याकडं कधीच..." मी म्हटलं, "नाही सांगणार." शब्द दिला. मी शब्दाचा पक्का माणूस म्हणून कऱ्हाडात ओळखला जायचो.

चार शनिवार मी तो पेला तुळशीकडं जाताना पाहिला. पाचव्या शनिवारी उबीनवर आम्ही त्या खडकाळ उताराच्या टोकाला होतो, जो त्यांना पाय न टेकता एकदाही जमला नव्हता. "आज टेकवत नाही," असं म्हणून त्यांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"व्याहीबुवा, थांबा. वृंदाला मूल होणार नाही."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर. महिना झाला."

"मला बोलली नाही ती."

"कशी बोलेल? बोलली की तुम्ही जन्मात तिच्या घरचं पाणी पिणार नाही, हे भ्या आहे तिला. मूल नाही, त्याचं ती एकदाच रडली. तुमच्या पेल्याचं रडणं दर शनिवारी आहे."

त्यांनी आवळलेला पट्टा सैल केला. मग म्हणाले, "आबासाहेब, हे मला इथं, उताराच्या तोंडावर सांगायचं?"

"घरी तुम्ही दहा मिनिटं टेकता. त्यात ती समोर. कधी सांगू?"

ते सायकलवरून उतरले आणि ती हातात धरून खाली चालत गेले. पेडल नडगीला घासत होतं, रक्त आलं होतं, त्यांना पत्ता नव्हता. एका झाडाला खांदा लागला, त्यालाही काही बोलले नाहीत. बोटीतून उतरल्यावर फक्त "तुम्ही बसनं जा" म्हणाले आणि निघाले.

मी घरी पोचलो. बारा वाजले, एक वाजला. वृंदा दोनदा म्हणाली, "बाबा कुठं राहिले?" मी म्हटलं, "पंक्चर असेल." आता हा माणूस या दारात पाऊल टाकत नाही, आणि ते माझ्यामुळं, असं मला वाटायला लागलं. दोनच्या सुमाराला बेल वाजली. दारात व्याही. बूट काढले, कानटोपी काढली, पाठीवरची पिशवी काढून बुटांशेजारी बाहेरच ठेवली आणि आत येऊन सोफ्यावर पाठ टेकून बसले.

"वृंदा, पाणी दे गं."

"ठेवलंय समोर," ती सवयीनं स्वयंपाकघरातून म्हणाली. आणि मग आतला नळ बंद झाल्याचा आवाज आला. ती ओल्या हातानं बाहेर आली तोवर पेला रिकामा होता.

"गार नाही का?" व्याही म्हणाले. "फार ऊन आहे बाहेर."

ती तीन वेळा आत-बाहेर झाली. तीन पेले. चौथ्याला म्हणाले, "जेवायला काय केलंयस?"

"गवार. तुम्हाला आवडत नाही."

"तुला कोणी सांगितलं? वाढ."

मग तिचं लक्ष नडगीकडं गेलं, आणि ती बापाला जी काय बोलायला लागली! हे काय वय आहे का, कानटोपी काय, डुकरं काय, घरात डेटॉल आहे ते कशाला ठेवलंय. त्या घरात तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. व्याही पोळी मोडत मान डोलवत होते. मी फडकं घेतलं आणि त्यांची सायकल पुसायचं निमित्त करून खाली गेलो. तासाभरानं दोघं खाली आली. दोघांचे डोळे लाल होते, आणि ती हसत होती.

पुढं तीन वर्षं ते दर शनिवारी आमच्याकडं जेवले. कोणी सांगितलं, हे वृंदानं मला कधी विचारलं नाही. तिला दिलेला शब्द मी मोडला, हे मीही तिला कधी सांगितलं नाही. आता मी कऱ्हाडला परत आलोय. व्याही मुलाबरोबर दुसऱ्या देशात गेलेत. गुडघा बदललाय, सायकल सुटली. मध्ये त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि एकाएकी म्हणाले, "आबासाहेब, त्या दिवशी तुम्ही बोलला नसता, तर मी..." आणि थांबले.

मी म्हटलं, "नीट ऐकू येत नाही हो."

ऐकू चांगलं येत होतं. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. बराच वेळ आम्ही दोघं तसेच, नुसता कानाला धरून बसलो होतो.