सिस्टरच्या तोंडची बोली

मी निवृत्त झालो त्याच वर्षी आमच्या जवळा बाजार गावी मिशनच्या दवाखान्यात एक परदेशी नर्स आली. फिनलंडची, लुथरन पंथाची. चाळिशीच्या पुढची, उंच, बोलणं कमी. एक दिवस चर्चचे पाद्री घरी आले आणि म्हणाले, "गुरुजी, सिस्टरांना मराठी शिकवाल का? पेशंटशी बोलायला त्यांना दुभाषी लागतो. आणि मधे तिसरा माणूस असला की लोक खरं दुखणं सांगत नाहीत."

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी तेहेतीस वर्षं मराठीच शिकवली होती. खडू सुटल्यापासून करमत नव्हतं. मी हो म्हणालो.

सिस्टर रोज दुपारी चारला यायच्या. त्याआधी त्यांचा अर्धा दिवस लोकांच्या पायाशी गेलेला असायचा. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक त्यांच्याकडे येत. रोग गेलेला असतो, पण पायाला काही कळत नाही. खडा टोचला, निखारा लागला तरी माणूस चालतच राहतो आणि जखम चिघळते. सिस्टर ते पाय पाण्यात भिजवायच्या, जाड झालेली कातडी खरवडायच्या, तेल लावून पट्टी बांधायच्या. आठवड्यातले दोन दिवस सिद्धेश्वरच्या बाजूला वाड्या-तांड्यांवर जाऊन हेच काम. त्यांचा व्हिसा नर्सच्या कामाचा होता, धर्माचं बोलायला मनाई होती, आणि तो नियम त्या पाळायच्या. रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर बसलेल्या दिसायच्या, एवढंच.

त्यांच्या भाषेत तो, ती, ते हा भेद नाही. माणूस असो, बाई असो, एकच शब्द. त्यामुळे पहिले चार महिने आमच्या घरात 'पाणी आली' आणि 'भाकर फुगला' असं चालू होतं. आणखी एक सवय होती. त्यांना होकार द्यायचा असला की त्या 'हो' हा शब्द बाहेर टाकायच्या नाहीत, श्वासाबरोबर आत ओढून घ्यायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंना ठसका लागला. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळेच असं करतात.

तास संपला की सिस्टर कप उचलून स्वयंपाकघरात जायच्या. तिथे माझी बायको असायची.

ती हट्टा गावची. शाळा चौथीपर्यंत. लग्न झाल्यापासून मी तिचं बोलणं दुरुस्त करत आलो होतो. 'काहून' नाही, 'का'. 'न्हाई' नाही, 'नाही'. 'करून राहिले' नाही, 'करते आहे'. हेतू वाईट नव्हता. ज्या वस्तीतून मी शिकून वर आलो, तिथल्या माणसाला शुद्ध बोलणं हे धुतलेल्या सदऱ्यासारखं वाटतं. तो घातल्याशिवाय चारचौघांत जाववत नाही. पाहुणे आले की ती चहा ठेवून आत निघून जायची. लोक म्हणायचे, गुरुजींच्या घरच्या फार अबोल. मीही तेच समजत होतो.

स्वयंपाकघरात मात्र दोघींचं तासतासभर चालायचं. बाहेरच्या खोलीतून मला बोलणं नीट ऐकू यायचं नाही, नुसती लय कळायची. ती एक वाक्य म्हणायची, सिस्टर तेच वाक्य म्हणायच्या. मग हसणं. एकदा तिने विचारलेलं मला ऐकू आलं, "तुमच्या देवाला मराठी येतं काय हो?" सिस्टरांनी विचार करून उत्तर दिलं, "मला यायच्या आधीपासून येतं."

वर्षभरात सिस्टरांची मराठी सुधारली, पण ती माझी मराठी नव्हती. एक दिवस त्या म्हणाल्या, "आज लई तकलीफ झाली गुरुजी. म्हातारं पट्टी बांधूच देऊन न्हाई राहिलं."

मी वही मिटली. "हे मी शिकवलेलं नाही," मी म्हणालो.

"न्हाई. ताईंनी शिकवलं."

"तुम्ही परक्या देशातून आलात. लोकांपुढे नीट भाषा बोलायला हवी."

त्या सावकाश म्हणाल्या, "गुरुजी, तुमची मराठी बोलले की पेशंट उभे राहतात. ताईंची बोलले की बसतात. आमचा पंथ सुरूच झाला तो लोकांच्या बोलीत देव आणायचा म्हणून. मला त्यांचे पाय बघायचे असतात. बसल्याशिवाय ते पाय दाखवत नाहीत."

मला राग आला होता. पण पुढच्या आठवड्यात वहाणा देताना त्यांनी एका सत्तरीच्या म्हाताऱ्याला 'लेकरा' म्हटलेलं मी दवाखान्याच्या ओट्यावर ऐकलं, आणि तो म्हातारा खरंच लेकरासारखा पाय पुढे करून बसला. 'लेकरा' हे माझ्या बायकोचं. ती म्हशीलाही लेकरू म्हणायची.

तिसऱ्या वर्षी बायको गेली. सकाळी भाजी निवडताना हातातून जुडी पडली आणि तोंड वाकडं झालं. नांदेडच्या दवाखान्यात ती नऊ दिवस होती. डोळे उघडे, माझ्याकडे बघायची, पण शब्द येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली बोलण्याचीच जागा गेली आहे. नऊ दिवस मी तिच्या ओठांकडे बघत होतो. सिस्टर दोनदा येऊन गेल्या. तिचे पाय चोळत त्या हळू आवाजात काहीतरी बोलत राहायच्या, आणि एकदा बायकोने श्वास आत ओढला. तसाच, सिस्टरांसारखा. तो होकार होता की नुसता श्वास, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिचा आवाज कुठे साठवलेला नाही. मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची.

पुण्याहून मुलगा आला, सगळं रीतसर झालं, पुण्यानुमोदनाच्या विधीला वस्ती जमली, मुलगा परत गेला. तो मला घेऊन जाणार होता, मी गेलो नाही. त्यानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. दिवा लावायचं सुचलं नव्हतं. दाराकडे पाठ होती. मागून आवाज आला.

"काहून असे अंधारात बसून राहिलात? दिवा तरी लावावा न."

आवाज परका होता, ते मला कळत होतं. पण वाक्य चढायचं कुठे, उतरायचं कुठे, 'न' वर किती थांबायचं, ते सगळं तिचं होतं. मी वळलो नाही. वळलो असतो तर तिथे ती नसती.

सिस्टर पुढे आल्या, बटण दाबलं, माझ्यासमोर डबा ठेवला. "खाऊन घ्या बराबर," त्या म्हणाल्या. हेही तिचंच.

मी म्हणालो, "सिस्टर, काही दिवस येऊ नका."

त्यांनी श्वास आत ओढला आणि गेल्या. कारण विचारलं नाही.

त्यानंतर मला ती बोली सगळीकडे ऐकू यायला लागली. खरं तर ती आधीपासून सगळीकडे होती. आमच्या भागात सगळे तसंच बोलतात. पण तिची लय वेगळी होती, आणि तेवढीच नेमकी कानावर यायची. नळाला बायका बोलत असल्या की मी खिडकीशी जाऊन उभा राहायचो. एकदा आठवडी बाजारात कापडाच्या पालांमागून आवाज आला, "मेथी अशी काहून सुकून राहिली, लेकरा?" मी पाल बाजूला केलं. सिस्टर होत्या, भाजीवालीशी बोलत होत्या. त्यांनी मला पाहिलं नाही. मी दुसऱ्या गल्लीने घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

असे सात महिने गेले. मग पाद्री आले आणि म्हणाले, सिस्टरांचा व्हिसा वाढवून मिळाला नाही. अठरा दिवसांत निघायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सिद्धेश्वरकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. सिस्टर तांड्यावर गेल्याचं दवाखान्यात कळलं होतं. तांड्यातल्या एका बाईने घर दाखवलं. दार उघडं होतं. आत खाटेवर एक आंधळी म्हातारी बसलेली, आणि सिस्टर तिचे पाय परातीत भिजवत होत्या. मी बाहेरच दगडावर टेकलो.

म्हातारी विचारत होती, "तू हट्ट्याची काय गं? माझी लेक तिकडंच दिली. असंच बोलती."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. मग थोडं थांबून, "माझी बोली हट्ट्याची."

"नवरा काय करतो?"

सिस्टरांनी लग्न केलेलं नव्हतं. पाण्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "आजी, एक गोष्ट सांगते," आणि सांगू लागल्या.

"लग्नाचं पयलंच वर्ष. डबा घेऊन मी शाळंत गेले. खिडकीपाशी उभी राहिले. हे आत शिकवून राहिले होते. एका पोरीनं 'व्हय' म्हणलं तर तिला उभंच केलं. म्हणले, असं बोलशील तर जन्मभर रानातच राहशील. मला वाटलं, आता यांना हाक मारायची तर ती कशी मारू. कोणता शब्द धरू. तोंडातच राहिलं सगळं. तशीच परत आले. डबा म्हशीला घातला, अन् सांगितलं, भाकरी करपल्या."

म्हातारी हसली. "मग, नवऱ्याला सांगितलं का न्हाई कधी?"

"न्हाई. त्यांचं काय चुकलं? ते मास्तर."

मी तो दिवस आठवायचा खूप प्रयत्न केला आहे. ती मुलगी आठवत नाही, करपलेल्या भाकरी आठवत नाहीत. अशा कितीतरी मुलींना मी उभं केलं होतं.

पट्टी बांधून सिस्टर बाहेर आल्या आणि मला बघून दारातच थबकल्या. चेहरा उतरला त्यांचा.

"ही गोष्ट तिची आहे," मी म्हणालो.

"व्हय."

"मग 'मी' काहून म्हणता?" माझ्या तोंडून 'काहून' कसं निघालं, मला कळलं नाही.

त्या म्हणाल्या, "ताईंनी अशीच शिकवली, गुरुजी. त्या एक वाक्य म्हणायच्या, मी तेच म्हणायचे. अशा लई गोष्टी आहेत. 'मी'चं 'त्या' केलं की मला पुढचं सापडत न्हाई. तुमाला त्रास होतो, म्हणून मी तुमच्यासमोर येत नव्हते."

"रोज चारला या," मी म्हणालो. "जेवढे दिवस आहेत तेवढे."

त्या आल्या. या वेळी आम्ही स्वयंपाकघरात बसलो. इतक्या वर्षांत मी तिथे बसलो नव्हतो. सिस्टर तिच्या स्टुलावर बसायच्या आणि वाक्यामागून वाक्य सांगत जायच्या, पाठ केलेलं म्हणतात तसं, समोर भिंतीकडे बघत. मी एकदाही दुरुस्ती केली नाही. हट्ट्याच्या विहिरीवरची भांडणं, भावाने शिकवलेली सायकल, माझ्या आईने पहिल्यांदा जवळ घेतलं तो दिवस. काही मला माहीत होतं, बरंचसं नव्हतं.

एका दुपारी त्या बोलता बोलता थांबल्या. "हे सांगू का न्हाई, ठरत न्हाई," त्या म्हणाल्या.

"सांगा."

आमची पहिली मुलगी पाच दिवसांची होऊन गेली होती. बारशाआधीच. त्यानंतर आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटायचं, तिला त्रास नको.

सिस्टर भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पाच दिवस मी तिला नावानं हाक मारली. कुणाला सांगितलं न्हाई. मोठी झाली असती तर मी तिला बोलताना कधी टोकलं नसतं." आणि त्यांनी ते नाव सांगितलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. त्या घरात पस्तीस वर्षं ते नाव होतं, आणि ते माझ्यापर्यंत एका परक्या देशातल्या बाईच्या तोंडून आलं. मी उठून मोरीत गेलो, बराच वेळ तोंड धूत राहिलो. बाहेर आलो तेव्हा सिस्टर डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी प्रार्थना केलेली मी ती एकदाच पाहिली. मी शेजारी बसलो.

अठरा दिवस संपले. नांदेडला सोडायला जाणाऱ्या गाडीपाशी दवाखान्यातले वीस-पंचवीस जण जमले होते, काही कुबड्यांवर. सिस्टर प्रत्येकाच्या पायांकडे बघत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "जरा दमानं राहा." मी मान हलवली.

दवाखान्यात आता दुसरी नर्स आहे, अहमदनगरकडची. मी आठवड्यातून दोनदा तिथे जाऊन लोकांना पट्ट्या मिळाल्या की नाही ते बघतो, बसतो, बोलणं ऐकतो.

सिस्टरांचा फोन रविवारी येतो, आमच्या दुपारी. सुरुवातीला त्या बोलायला लागल्या की मी डोळे मिटून ऐकायचो. आता दोन वर्षं झाली. तिकडे मराठी बोलायला कुणी नाही. शब्द निसटू लागले आहेत. मधे इंग्रजी येतं. परवा त्या 'काहून' म्हणायला गेल्या, अडखळल्या, आणि 'का' म्हणाल्या. स्वच्छ, माझ्या वहीतलं 'का'. मी फोन घट्ट धरून बसलो.

मग त्यांनी विचारलं, "गुरुजी, दूध उतू जायला लागलं की ताई काहीतरी म्हणायच्या. दुधालाच म्हणायच्या, रागावून. मी आठवून राहिले, पण येत न्हाई. काय म्हणायच्या?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

त्यांना वाटलं, मला ते आठवत नाहीये आणि मी आठवून बघतो आहे. त्या थांबून राहिल्या.