वीस आणे जमीन

आबा कुठल्याही जमिनीला एका शब्दात नाव देत नसत. चिमूटभर माती ओली करून अंगठ्याने तर्जनीवर लांबवायचे, तिची पट्टी कुठे तुटते ते पाहायचे आणि मग सांगायचे, "काळी दहा आना शे, बरड चार आना." बरड म्हणजे मुरमाड, हलकी. आमच्या जळगावच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत ते नमुने आणणारे मदतनीस होते. गाव अमळनेरजवळचे, शाळा सातवीपर्यंत.

मी तेव्हा फझी लॉजिकवर प्रबंध लिहीत होतो. जमीन एकाच वर्गात न कोंबता ती प्रत्येक वर्गात कितपत बसते, हे शून्य ते एकमधल्या आकड्याने सांगायचे, एवढाच त्यातला विचार. तो समजायला मला दोन वर्षे लागली. आबांना समजावला तेव्हा त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि विचारले, "यामा नवीन काय शे?" त्या दिवसापासून मी त्यांचे आणे, सोळा आणे म्हणजे पूर्ण एक असे धरून, माझ्या प्रोग्रॅममध्ये भरू लागलो.

फैजपूरच्या एक अक्का नवऱ्यामागे एकट्या शेती बघत. पहिल्यांदाच केळी लावणार होत्या. जमीन ती सोसेल का, एवढेच त्यांना आमच्याकडून हवे होते. आबांनी सांगितले, काळी चौदा आणे, चोपण सहा आणे. चोपण म्हणजे पाणी धरून बसणारी, मुळे कुजवणारी जमीन. बेरीज वीस झाली. आबा चुकले असे समजून मी दोन्ही आकडे त्याच प्रमाणात कमी केले आणि सोळात बसवले. चोपण पाच आण्यांच्या खाली गेले. सहा आण्यांखाली असेल तर प्रोग्रॅम सावधगिरीची सूचना छापत नसे. अहवाल गेला: केळीस योग्य.

प्रत पाहून आबांनी एवढेच विचारले, की आणे कुणी कमी केले. सोळाच्या वर जाईल कसे, असे मी म्हणालो.

"तू हुशार शे आन भित्रा बी शे," ते म्हणाले. "एक वाढनं म्हनीसन दुसरं कमी व्हस का?"

मी आकडे परत चौदा आणि सहा केले; या वेळी सावधगिरीची सूचना छापली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही फैजपूर गाठले. रोपे येऊन सावलीत ठेवलेली होती. अक्कांनी घाबरून विचारले, आता लावू का नको? आबा म्हणाले, लावा, पण आधी खालच्या अंगाला चर खोदा, गादीवाफे उंच घ्या. "जमीन चांगली शे, अक्का. तिले पानी पचत नही." चूक आमची झाली, असेही ते म्हणाले. माझी झाली, असे मी दुरुस्त केले.

बाग उभी राहिली. बेरीज एकाच्या वर का जाते, असे प्रबंधाच्या परीक्षकांनी विचारले तेव्हा मी अडखळलो नाही.

गेल्या थंडीत आबा गेले. महिन्याभराने अक्का नव्या शेताची माती पिशवीत घेऊन आल्या आणि आबा कुठेत म्हणाल्या. मी सांगितले. त्या बाकावर टेकल्या. मग पिशवी माझ्यापुढे सरकवली.

"आता तुम्हीच सांगा, भाऊ. पण चुकलं तर तेव्हासारखं सांगायला या."

येईन, म्हणालो.